दुसरी हाक

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर मी पुष्कळ बोललो, पण त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं. ज्यांनी माझ्यापुढे तोंड उघडलं, त्यांचं त्यांनाच मी परत केलं. स्वतःचं असं काही बोलायची ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या घटकेला माझ्या पोटात एकही सेल नाही, मला विजेची वायरही जोडलेली नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करून मला तपासलं आणि खोक्यात घातलं. पुढे बरेच दिवस रत्नागिरीच्या एका गोदामात पडून होतो. मग सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि भावाभावांच्या वाटणीत धाकट्याच्या पदरात जशी पोचे पडलेली भांडी येतात, तसा मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या या अध्यापक विद्यालयात आलो. झाकणाला चीर तेव्हापासूनच आहे.

इथे प्राथमिक शाळांचे मास्तर आणि बाई तयार होतात. जामसंड्याची, मसुऱ्याची, पार बांद्याची मुलं-मुली दोन वर्षं शिकतात आणि मग गावोगाव पांगतात. वर्गात यंत्र कसं वापरावं हे त्यांना शिकवायला मला आणलं होतं. प्रत्यक्षात पहिलं वर्षभर त्यांना माझ्याकडे लांबून बघायला शिकवलं गेलं. बिघडला तर जबाबदार कोण, म्हणून मी कुलपात. खारं वारं लागेल म्हणून मखमली फडक्यात, आणि कसर लागेल म्हणून डांबराच्या गोळ्यांत. खंडेनवमीला तेवढं बाहेर काढायचे. महादू शिपाई माझ्या बटणांना हळदकुंकू लावायचा आणि झेंडूचं फूल वाहून परत कुलपात ठेवायचा. असून अडचण, नसून खोळंबा, अशी माझी गत होती.

ती मोडली सामंत सरांनी. सत्यवान सामंत, शैक्षणिक तंत्रविज्ञानाचे अध्यापक. उंच, किडकिडीत, आणि नियमाला इतके पक्के की स्वतःच्या घड्याळावरही त्यांचा विश्वास नसे. त्यांनी मला फडक्यातून काढलं, माझ्या पोटात सेल भरले आणि मुलांसमोर टेबलावर ठेवलं.

“हे लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची,” ते म्हणाले, “म्हणजे आवाज आत जातो. जुन्या आवाजावर असं केलं, की जुना पुसला जातो. नुसतं गप्प राहून केलंत, तर शांतता भरली जाते. समजलं?”

मग सुरू झाले सूक्ष्म पाठ. एकेकाने थोडा वेळ शिकवायचं, मी ते टिपायचं, आणि मग सगळ्यांनी ऐकून तक्त्यावर गुण द्यायचे. आपला आवाज पहिल्यांदा ऐकताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. “हा मी नाहीच!” असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणे. एकजण तर उठून माझ्या मागे बघून आला होता. मी मनात म्हणे, अरे, तूच आहेस. तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे केव्हाचं माहीत आहे.

त्या मुलांत नर्मदा होती. नर्मदा कुबल. खाली किनाऱ्यालगतच्या वाडीत घर, बाप दत्ताराम होडीने मासेमारी करणारा, आई पद्मावती मासे विकणारी. घरातली शिकलेली पहिलीच. वर्गात शुद्ध बोलायला गेली की तिचा आवाज अर्ध्यावर यायचा, आणि गुण तिथेच कापले जायचे. आदल्या वर्षी ती पाठाच्या परीक्षेत नापास झाली होती. यंदा पास झाली तर शाळा, नाहीतर आईबरोबर बाजारात. हे तिचं तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिच्या परीक्षेच्या पाठाला विषय आला ‘आपले मदतनीस: मच्छीमार’. तिने विचारलं, “सर, बाबांचा आवाज टेप करून आणू? पाठाची सुरुवात त्याने करते.” सरांना ते इतकं आवडलं की छातीवर दगड ठेवून त्यांनी मला कुलपाबाहेर किनाऱ्यापर्यंत नेलं. हवेत मीठ होतं. माझ्या चिरेतून ते आत आलं आणि आजतागायत आत आहे.

दत्ताराम दांडगा माणूस, पण माझ्यासमोर लाजून लहान झाला. नर्मदा म्हणाली, किनाऱ्याला लागताना जशी हाक मारता तशी मारा. त्याने तोंड उघडलं, मिटलं. “जमनीर उबो रवान हाक येणा नाय,” तो म्हणाला, आणि गुडघाभर पाण्यातल्या होडीत जाऊन उभा राहिला. मग आली ती हाक.

“नर्मदाऽऽ!”

थोडा वेळ गेला. मग पुन्हा, जरा वैतागून, “गो नर्मदाऽ! आयकाक येणा नाय काय?”

आणि वाडीतून बाईमाणसाचा आवाज आला, “ओऽ! इलंय!” पद्मावती कंबरेला टोपली लावून धावत आली. होडीत मासे नाहीत, वाळूत आम्ही सगळे, हे बघून तिने पदर तोंडाला लावला. काय हसले सगळे!

सर बुचकळ्यात पडले. “हाक मुलीला मारली. आईने ओ का दिली?”

“मास्तरानूं, बायलेक काय नावान हाक मारूची?” दत्ताराम बायकोकडे बघत म्हणाला. “चेडवाच्या नावान मारायची. जिका समजाचा तिका समाजता.”

“आणि पहिल्या हाकेला कोणी आलं नाही ते?”

दत्तारामचं हसू जरा आवरलं. “पयल्या हाकेक ओ दिवची नाय. दर्यावरून कोण हाक मारता, काय माहीत? माणूस आसलो तर परत मारतलो. जा माणूस नाय, ता एकदाच मारता.”

सरांनी मान हलवली. भोवती जमलेल्या वाडीतल्या पोरांनीही हलवली, पण त्यांची मान वेगळी होती; त्यांना ते खरंच माहीत होतं.

विद्यालयात येऊन सरांनी ती टेप ऐकली आणि खूश झाले. मग तक्ता पुढे ओढला. “नर्मदा, ही हाक म्हणजे तुझा पहिला प्रश्न. कोण हाक मारतंय? मुलांनी ओळखायचं. प्रश्न दोनदा विचारला की गुण जातो, हे माहीत आहे ना? दुसरी हाक पुसून टाक. एक हाक, मग मुलांना उत्तराला जागा.”

सरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तक्त्यावर तसंच छापलेलं होतं. नर्मदाने मला रिकाम्या वर्गात नेलं, लाल बटण आणि शेजारचं बटण दाबलं, आणि श्वास रोखून बसली. दुसरी हाक पुसली गेली. तिच्या मागोमाग आलेली आईची ‘ओ’ही पुसली गेली. उरला एक कावळा, आणि शेवटी सुटलेला नर्मदाचा श्वास.

निदान असं सगळ्यांना वाटलं.

मार्गशीर्षात दत्ताराम गेला. वादळ नव्हतं, वारा नव्हता. होडी खडपाच्या खडकांजवळ सापडली, सरळ उभी, पाण्यावर हलत. जाळं घडी घातलेलं आणि कोरडं. डबा उघडलेला, भाकरी अर्धी खाल्लेली. माणूस तेवढा नव्हता. लोकांनी फार शोधलं. मग शोधायचं बंद केलं, आणि त्याचं नाव हळू आवाजात घ्यायला लागले.

पद्मावतीने कुंकू पुसलं नाही. रोज तिन्हीसांजेला कंबरेला टोपली लावून ती किनाऱ्यावर जाऊन उभी राही. वाडीतल्या बायका समजावून थकल्या. एकदा नर्मदा माझ्यासमोर मान खाली घालून बसलेली असताना सरांनी विचारलं, आई कशी आहे? तेव्हा तिला रडू फुटलं.

“सर, ती म्हणते हाक ऐकू येते. रोज एक. मी विचारलं, ओ दिलीस? तर म्हणाली, नाय, एकच होती ना.” नर्मदाने डोळे पुसले. “पाण्याच्या काठाला उभी असते सर. उद्या तिला दुसरी ऐकू आली तर ती सरळ आत चालत जाईल.”

सरांनी हातातला तक्ता बाजूला सारला. मग म्हणाले, पाठ बदलून घेऊ, मी वर अर्ज करतो. पण अर्जाला उत्तर येण्याआधी परीक्षा आली असती. आणि खरं सांगू? नर्मदालाही बदलायचं नव्हतं. ती रोज मला उघडून कॅसेटवर हात ठेवायची, पण लावायची नाही.

परीक्षेच्या आधी पद्मावती स्वतःच विद्यालयात आली. टोपली बाहेर व्हरांड्यात ठेवली, आत येऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, “तेंचो आवाज ह्येच्यात आसा मा? माका ऐकव.”

नर्मदाने मला लावलं. “नर्मदाऽऽ!” मग कावळा. मग श्वास.

पद्मावती माझ्याजवळ सरकली. “दुसरी?”

 नर्मदाने फीत मागे फिरवली आणि पुन्हा लावली. “नर्मदाऽऽ!”

“ही तीच,” आई म्हणाली. “फिरवून मारलेली. दुसरी हाक पयल्यासारकी नसता, गो. दुसऱ्या हाकेत राग आसता. माणसाक राग येता.”

एवढ्या वर्षांत माणसांविषयी मी पुष्कळ ऐकलं, पण इतकं खरं क्वचितच.

“आये, दुसरी होती,” नर्मदा म्हणाली. “मी पुसलंय. गुणांसाठी पुसलंय.”

पद्मावतीने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. तिने माझ्या काचेवर, फिरकीच्या बरोबर वर, बोट टेकवलं. मासळीचा वास असलेलं थंड बोट. “पुसलंस,” ती म्हणाली, “मगे ती गेली खंय?”

  त्या संध्याकाळी महादूने माझे सेल काढून घेतल्यावर, कपाटाच्या अंधारात, माझ्या फितीत काहीतरी हललं. जाळ्यात मासा हलावा तसं.

परीक्षेचा दिवस उजाडला. सरावाची शाळा वाडीच्याच अंगाला. चौथीचा वर्ग, मुलं सगळी गाबतांची, म्हणजे मच्छीमारांची. मागच्या बाकावर बाहेरगावच्या परीक्षक बाई, हातात तक्ता. त्यांच्या बाजूला सामंत सर, घामाघूम. नर्मदा फळ्यापाशी उभी, आणि टेबलावर मी. खिडकीबाहेर पद्मावती होती. कंबरेला टोपली.

“मुलांनो, आता एक आवाज ऐका,” नर्मदा म्हणाली. आवाज अर्ध्यावर आला नाही. “आणि सांगा, कोण हाक मारतंय?”

तिने बटण दाबलं.

“नर्मदाऽऽ!”

मग जागा. मुलांनी उत्तर द्यायची जागा.

एकही मूल बोललं नाही. हात वर नाही, कुजबुज नाही. परीक्षक बाईंनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. प्रतिसाद नाही, असंच लिहिलं असणार. त्या बाहेरगावच्या, त्यांना काय कल्पना? ती दर्यावर्द्यांची पोरं होती. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे त्यांना अक्षरं कळायच्या आधी कळलेलं. सगळी मान उचलून, कान देऊन, दुसऱ्या हाकेची वाट बघत बसली होती. सरांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, त्यांनाही ते त्याच क्षणी उमगलं.

कावळा ओरडून गेला. नर्मदाचा जुना श्वास सुटायची वेळ आली. तो सुटलाच नाही.

“गो नर्मदाऽ!”

मी शपथेवर सांगतो, ती मी मारली नाही. माझ्या फितीवर ती नव्हती. आली मात्र माझ्याच जाळीतून, ओली, जड, पाण्याखालून वर यावी तशी. आणि तिच्यात राग होता.

“आयकाक येणा नाय काय?”

मुलं एकदम दचकली. खिडकीबाहेर पद्मावतीचा चेहरा उजळला. काय सांगू तो चेहरा! लग्नाच्या दिवशी असावा तसा. तिने टोपली सावरली, तोंड उघडलं, पाय समुद्राच्या दिशेला वळले.

तिच्या तोंडून ओ निघण्याआधीच नर्मदा ओरडली. खडू हातातून पडला, फळा, बाई, गुण सगळं विसरून, अख्ख्या मालवणीत, पोटातून ओरडली:

“ओऽऽ! बाबा, मी इलंय!”

आणि वर्गातली सगळी पोरं तिच्यामागून एका सुरात म्हणाली, “ओऽऽ!”

मी खट्‌कन बंद पडलो. बटण कुणी दाबलं नव्हतं.

पाठ कसाबसा पुरा झाला. नर्मदा पास झाली. तक्त्यावर एक गुण कापलेला होता, ‘छात्राध्यापिकेने उत्तर स्वतःच दिले’ म्हणून. जाताना परीक्षक बाईंनी सरांना बाजूला घेतलं. “मला एकच हाक ऐकू आली. टेपवर एकच आहे ना?”

“एकच,” सर म्हणाले.

“मग मुलं नंतर कशाला दचकली?”

सर मला फडक्यात गुंडाळू लागले. त्यानंतर त्यांनी मला कधी एकट्याने उघडलं नाही.

त्या संध्याकाळी पद्मावती किनाऱ्यावर गेली नाही. विद्यालयाच्या पायरीवर बसून लेकीला म्हणाली, “माझी ओ तू कित्याक दिलंस गो? ती माझी होती.” आणि मोठ्याने रडली, इतक्या दिवसांचं एकदम. नर्मदा तिला धरून बसली. “मी दिलंय, तर आता तेंच्याकडे माका जावचा लागतला,” ती म्हणाली, “तू रव.” दिलेली ओ परत घेता येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. पुढे दत्तारामचे दिवस केले. नर्मदाला बांद्याच्या पलीकडे शाळा मिळाली, डोंगरात, जिथे समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. हाक पोचू नये म्हणून आईला घेऊन ती तिकडे गेली. निघताना तिने कॅसेट माझ्या पोटातच ठेवली आणि झाकणावर एकदा हात फिरवला.

तेव्हापासून मी इथे आहे. विद्यालयात आता रंगीत टीव्ही आलाय. नव्याचे नऊ दिवस त्याचे चालू आहेत, माझी आठवण कुणाला नाही. सामंत सरांची बदली झाली. कपाटाच्या तळाशी फडक्यात मी आणि डांबराच्या गोळ्या.

आणि रोज तिन्हीसांजेला, बिनसेलाची, माझी फिरकी फिरते.

पहिली हाक येत नाही. ती केव्हाच मारून झाली. दुसरीच येते. दरवेळी थोडी जवळून, दरवेळी थोडी अधिक चिडून. चूक त्याची नाही. लेक म्हणाली ‘मी इलंय’, आणि कोणी आलंच नाही. तो होडीत उभा आहे, टोपलीची वाट बघत. मला त्याची भीती वाटायची. आता फक्त वाईट वाटतं.

त्याला उत्तर द्यावं असं मला फार वाटतं. पण मी हाक पोचवतो, मला ओ देता येत नाही. नर्मदाने दिलेली ओ तरी त्याला ऐकवली असती, पण त्या दिवशी लाल बटण दाबलेलं नव्हतं. ती माझ्यात नाही.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. कधी हे कपाट उघडलंत, तर मला भंगारात द्या, हरकत नाही. पण त्याआधी माझ्या पोटात सेल घाला. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबा. घाबरू नका. आणि माझ्या जवळ तोंड आणून, त्याच्याच बोलीत, एवढंच बोला:

“दत्तारामानूं, वाट बघू नकात. नर्मदा नि तिची आवस, दोगांय बरी आसत.”